पावसाळी सकाळी सोलर उठतच नाही (डीसी बाजूचं कुणी सांगेल का?)

कुळागर | ९ जुलै, सकाळी ८.१०

मंडळी नमस्कार. वाळपईपासून आत आमचं गाव. फेब्रुवारीत घरामागच्या पत्र्याच्या शेडवर ५ किलोवॅटचं सोलर बसवलं. ५४० वॅटची १० पॅनेलं, सगळी एकाच माळेत, खाली पडवीत इन्व्हर्टर (पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा डबा). पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडीही खात्यात आली. मे महिन्यात दिवसाला २२-२३ युनिटं मिळायची, मी खूश, बायको खूश.

जूनमध्ये पावसाने जोर धरला आणि रडगाणं सुरू झालं. सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा, पडद्यावर 'पीव्ही आयसोलेशन'. साडेदहाच्या सुमारास पाऊस जरा थांबला, पत्रा सुकला की आपोआप हिरवा दिवा, मग संध्याकाळपर्यंत तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. रात्रभर पाऊस नसेल त्या दिवशी मात्र सकाळी वेळेवर सुरू.

ज्यांनी बसवलं त्यांचं उत्तर: "पावसात मॉइश्चर असतं सर, चवथ झाली की येऊन बघतो." मेव्हणा म्हणतो की इन्व्हर्टरच्या मेनूत इन्सुलेशनची मर्यादा असते, ती खाली आणली की लाल दिवा येणार नाही. पासवर्डही त्याने कुठूनसा मिळवलाय. करू का?

म्हापशेकर | ९ जुलै, सकाळी ८.३४

साडेदहाला येतो आणि पाऊस असला की येत नाही म्हणजे इन्व्हर्टर सरकारी नोकरीत कायम झालाय. अभिनंदन.

खांबावरचा | ९ जुलै, सकाळी ९.०२

मी निवृत्त लाईनमन, ३४ वर्षं खांबावर. माझ्या मते अर्थिंग बघा. आपल्याकडे खाली जांभा. वर दोन फूट माती, खाली चिरा, रॉड आत जातच नाही. ठेकेदार पहारीने चार फूट खणतात, रॉड कापून पुरतात आणि वर सिमेंटचं झाकण बसवतात. कोळसा-मीठ घालून पाणी सोडा, फरक पडेल.

तारवटी | ९ जुलै, सकाळी ११.४७

काका, अर्थिंगबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, पण इथे दुखणं दुसरं आहे. अर्थिंग सुधारलं तर लाल दिवा उलट अजून ठामपणे पेटेल.

कुळागर, पहिली गोष्ट: मेनूला हात लावू नका. मी वीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन आहे, सध्या रजेवर कुंकळ्ळीला घरी. बोटीवर २४ व्होल्टची बॅटरीची डीसी लाईन असते आणि तिच्या पॅनेलवर दोन छोटे बल्ब असतात. एक अधिक तारेपासून अर्थला, दुसरा उणे तारेपासून अर्थला. बोटीचा लोखंडी सांगाडा म्हणजेच अर्थ. सगळं ठीक असेल तर दोन्ही बल्ब सारखेच मंद. कुठे अधिक तारेचं साल निघून ती सांगाड्याला टेकली की अधिकचा बल्ब विझतो, उण्याचा भगभगीत पेटतो. आम्ही ड्युटीवर आलो की चहाच्या आधी हे दोन दिवे बघतो.

तुमच्या छपरावर तेच आहे, फक्त २४ व्होल्टच्या जागी चारशे-साडेचारशे. तुमच्यासारख्या आजच्या बिनट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरात पॅनेलांच्या माळेचं कुठलंच टोक अर्थला जोडलेलं नसतं. माळ तरंगती असते. म्हणून पहिल्यांदा कुठे गळती झाली तर काहीच होत नाही. फ्यूज नाही, ठिणगी नाही, काही नाही, कारण करंटला परत यायला वाट नाही. दुसरी गळती दुसऱ्या ठिकाणी झाली की मात्र मधली पॅनेलं पत्र्यातून शॉर्ट होतात. इन्व्हर्टर रोज सकाळी कामाला लागण्याआधी या पहिल्या गळतीसाठीच तपासणी करतो, आणि ती दिसली की 'पीव्ही आयसोलेशन' दाखवून थांबतो. तुमचा मेव्हणा कुत्र्याचं भुंकणं बंद करायला निघालाय.

मॉइश्चर हे उत्तर अर्धवट आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून काय सगळ्यांचे इन्व्हर्टर दहापर्यंत झोपतात? पाणी सगळ्यांच्या पॅनेलांवर पडतं. तुमच्याकडे ते कुठेतरी तांब्यापर्यंत पोचतंय.

कुळागर | ९ जुलै, दुपारी १.२०

तारवटीबाब, देव बरें करूं. मेनूचा विषय बंद. पण १० पॅनेलं, त्यांच्या खाली वायरींचं जाळं, पत्रा शेवाळलेला. शोधायचं कसं? सगळी पॅनेलं उतरवायची का?

तारवटी | ९ जुलै, दुपारी २.०५

एकही उतरवायला लागणार नाही. मल्टिमीटर सांगेल कितव्या पॅनेलाजवळ आहे ते. पण हे तुम्ही स्वतः करू नका, जाणकार इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि लाल दिवा असताना, म्हणजे ओल्या सकाळीच करा, सुकल्यावर चोर पळालेला असेल.

आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद. मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलांकडून येणारी लाईन तोडणारा स्विच, बंद. पाच-दहा मिनिटं थांबा, आत वीज धरून ठेवणारे कपॅसिटर भरलेले असतात. मग छपरावरून येणाऱ्या दोन केबली इन्व्हर्टरपासून सोडवा आणि तीन मापं घ्या:

अधिक ते उणे.
अधिक ते अर्थ.
उणे ते अर्थ.

माळ निरोगी असेल तर अर्थबरोबरची दोन्ही मापं क्षणभर काहीतरी दाखवून शून्याकडे घसरत जातात. गळती असेल तर आकडा खिळल्यासारखा उभा राहतो, आणि त्या दोन आकड्यांची बेरीज पूर्ण माळेएवढी येते. उणे ते अर्थ जेवढे व्होल्ट येतील त्यांना एका पॅनेलाच्या व्होल्टने भागा, म्हणजे उण्याच्या टोकापासून किती पॅनेलं सोडून गळती आहे ते कळेल. नळाच्या पाइपाला भोक कुठे ते दाबावरून ओळखतात, तसंच.

मीटर १००० व्होल्ट डीसीचा हवा, त्याच्या पिनांची सालं शाबूत हवीत. बाजारातला तीनशे रुपयांचा पिवळा मीटर नको.

खांबावरचा | ९ जुलै, दुपारी ४.४०

कबूल, मी चुकलो. पण एक शंका. सकाळी ढग असताना मोजायचं म्हणता, तेव्हा पॅनेलात वीज कितीशी असणार? आणि टेस्टर लावून बघितला, नाही पेटला, तर वायर मेलेली समजून हात घालायला काय हरकत?

सूर्यफूल | ९ जुलै, संध्याकाळी ६.१५

काका, हात घालू नका!! मी फोंड्यात सोलर बसवण्याचंच काम करतो, नऊ वर्षं झाली. आमच्यातल्या किती पोरांना या समजुतीने झटका बसलाय ते मला ठाऊक आहे.

ढगाळ असलं की करंट पडतो, व्होल्टेज नाही. ५४० वॅटच्या पॅनेलाचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज कागदावर साधारण ४९-५०. उजेड दहा टक्क्यांवर आला तरी ते ४६-४७ राहतं. आणि गंमत म्हणजे मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशाला तापतं तेव्हा तेच ४४ वर येतं, कारण तापमान वाढलं की व्होल्टेज घटतं. म्हणजे मे महिन्याच्या रणरणत्या दुपारपेक्षा जुलैच्या काळवंडलेल्या सकाळी तुमच्या दोन टोकांमध्ये जास्त व्होल्ट असतात.

टेस्टरचं म्हणाल तर तो आपल्या अंगातून अर्थकडे जाणाऱ्या करंटवर पेटतो. माळ तरंगती असली तर तो पेटेलच असं नाही. आणि साधा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतात तो) फक्त एसी मोजतो, डीसी वायरीला लावला तर १३ अँपिअर वाहत असतानाही बिनदिक्कत शून्य दाखवतो. डीसीचा क्लॅम्प वेगळा येतो, महाग असतो, म्हणून पुष्कळ जण घेत नाहीत.

माटोळी | ९ जुलै, रात्री ९.३३

'बंद केलं' या शब्दाबद्दल मलाही सांगायचंय. गेल्या वर्षी काणकोणला मावसभावाकडे होते. तो पॅनेलं धुवायची म्हणून भर दुपारी डीसी डब्यातला एमसीबी पाडायला गेला. आधी इन्व्हर्टर बंद केला नाही. एमसीबी पडला की 'टक' असा आवाज येतो ना, तो आलाच नाही. तेलात पापड सोडल्यावर येतो तसा चुर्रर्र आवाज आला, डब्याच्या फटीतून निळा उजेड, आणि मग जळक्या प्लॅस्टिकचा वास. त्याने घाबरून कळ परत वर केली तेव्हा थांबलं. नंतर दुसऱ्या माणसाने उघडून दाखवलं, आत घरातल्या फ्रिजच्या लाईनला लावतात तो साधा एसी एमसीबी होता. मधोमध वितळून काळा गोळा.

डीसीला वेगळा एमसीबी का लागतो? वीज ती वीजच ना?

सूर्यफूल | ९ जुलै, रात्री १०.२०

ताई, फरक इथेच आहे. एसी सेकंदाला ५० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. कळ उघडली, दोन टोकांत ठिणगीचा पूल तयार झाला, तरी सेकंदाच्या शंभराव्या भागात करंट शून्य होतो आणि पूल आपसूक तुटतो. डीसीला शून्यच नाही. पूल जळत राहतो, तांबं वितळेपर्यंत. डीसीच्या एमसीबीत त्या ठिणगीला ढकलून लांब ताणायला चुंबक आणि पट्ट्यांची चाळण असते. त्यातही काहींवर अधिक-उणे खुणा असतात. वायरी उलट लावल्या तर चुंबक ठिणगीला चाळणीत ढकलण्याऐवजी बाहेर ढकलतो, आणि मग महागाचा डीसी एमसीबीही पापड तळतो.

म्हणून क्रम कायम: आधी इन्व्हर्टर बंद करून करंट थांबवा, मग डीसी तोडा. आणि हेही ध्यानात ठेवा की आयसोलेटर पाडला तरी त्याच्या वरची, छपराकडची केबल जिवंतच असते. सूर्याला स्विच नाही.

खांबावरचा | १० जुलै, सकाळी ७.०५

वाचून झोप उडाली. पण मग फ्यूज कशाला असतो? शॉर्ट झालं तर तो उडेलच की.

तारवटी | १० जुलै, सकाळी ७.५०

नाही उडणार काका :) खांबावरच्या लाईनमागे अख्खं सबस्टेशन उभं असतं, शॉर्ट झालं की हजारो अँपिअर धावून येतात आणि फ्यूज उडतो. पॅनेलामागे फक्त ऊन आहे. चालू असताना १३ अँपिअर, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून पूर्ण शॉर्ट केलं तरी १४ च्या आत. १५ अँपिअरच्या फ्यूजला काही घडलंय याचा पत्ताही लागत नाही. एकाच माळेच्या घरगुती सिस्टिममध्ये फ्यूज जवळजवळ शोभेचा. तीन किंवा जास्त माळा शेजारी-शेजारी जोडल्या की त्याला अर्थ येतो, कारण तेव्हा चांगल्या माळा मिळून बिघडलेल्या माळेत उलटा करंट ढकलतात.

खांबावरचा | १० जुलै, सकाळी ८.१२

शॉर्ट झालं की फ्यूज उडतो, या एका श्रद्धेवर मी ३४ वर्षं नोकरी केली.

म्हापशेकर | १० जुलै, सकाळी ९.४०

विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे छपरावर सोलर असून लाईट गेली की तेही बंद. शेजारी हसतात. दिवसाढवळ्या ऊन असताना हे कसलं सोलर?

खांबावरचा | १० जुलै, सकाळी १०.०१

याचं उत्तर मीच देतो, हे माझ्याच जिवाशी संबंधित आहे. आम्ही ट्रान्सफॉर्मरवरून लाईन मारतो आणि खांबावर चढतो. त्याच वेळी कुणाच्या घरचं सोलर उलटी वीज तारेत सोडत राहिलं तर आमचा माणूस वर चिकटतो. जनरेटरची उलटी वीज आलेली मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. म्हणून सरकारी वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. शेजाऱ्यांना हे सांगा. लाईट हवीच असेल तर बॅटरीवाला हायब्रिड घ्या, तो घराला लाईनपासून तोडतो आणि मग चालवतो.

स्वावलंबी | १० जुलै, दुपारी १२.३०

मी वेगळंच सुचवतो. पॅनेलात डीसी, बॅटरीत डीसी, एलईडी बल्ब आतून डीसी, मोबाईल डीसी, नवे बीएलडीसी पंखे डीसी. मग मध्ये इन्व्हर्टर घालून एसी करायची आणि चार्जरमध्ये परत डीसी करायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? सगळं घर १२ व्होल्टवर चालवा. शॉक नाही, आग नाही.

तारवटी | १० जुलै, दुपारी १.५५

विचार चांगला आहे, हिशेब चांगला नाही. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा विरोध किलोमीटरला साधारण ५ ओहम. शेडपासून घर २० मीटर, जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.२ ओहम. त्यातून १३ अँपिअर नेले की २.६ व्होल्ट वाटेतच गळतात. छपरावरच्या ४०० व्होल्टमधून २.६ गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. १२ मधून २.६ गेले की पंखा घरघरायला लागतो. आणि १३ अँपिअर म्हणजे १२ व्होल्टवर जेमतेम दीडशे वॅट, त्यात मिक्सरसुद्धा फिरणार नाही.

आग नाही हेही चूक. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देते. बोटीवर एकाचा पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला होता, पाना लाल झालेला मी बघितलाय. शॉक नाही एवढं मात्र खरं.

सूर्यफूल | १० जुलै, दुपारी २.३०

+१. एक-दोन खोल्यांचे दिवे, पंखे, शेतावरची खोप यासाठी १२ किंवा २४ व्होल्ट ठीक आहे. लांब न्यायची तर व्होल्टेज वाढवायलाच लागतं. चंद्रपूर ते पडघे ही साडेसातशे किलोमीटरची लाईन डीसीच आहे, पण ती ±५०० किलोव्होल्टवर.

कुळागर | १२ जुलै, दुपारी ३.१८

सापडलं! सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

आज पहाटेपासून मुसळधार होता, लाल दिवा ठरलेलाच. डिचोलीहून ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याच्याकडे चांगला मीटर होता, रबरी हातमोजे होते. तारवटीबाबांनी लिहिलेलं मी मोबाईलवर वाचून दाखवत होतो, तो मान डोलवत होता. तारवटीबाबांनी सांगितल्या क्रमाने सगळं बंद केलं.

अधिक ते उणे ४७०.
अधिक ते अर्थ ३२९.
उणे ते अर्थ १४१, म्हणजे मीटरवर वजा १४१.

आकडे हलले नाहीत. एका पॅनेलाचे ४७ धरले तर १४१ म्हणजे बरोबर तीन पॅनेलं. उण्याच्या टोकाकडून तिसरं आणि चौथं यांच्यामध्ये. बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही पडवीत बसून छपरावरची जागा बोटाने दाखवतोय! इलेक्ट्रिशियन पोरगा दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, "सर, हे मला शिकवलं नव्हतं."

पाऊस थांबल्यावर शिडी लावली. तिसऱ्या पॅनेलाच्या खाली वाकून बघितलं तर एमसी-फोरची (पॅनेलांच्या केबली जोडणाऱ्या कनेक्टरांची) जोडी सरळ पत्र्याच्या पन्हळीत लोळत पडलेली. प्लॅस्टिकचा टाय तुटून त्याचा तुकडा तिथेच. पन्हळीतून वाहणारं पाणी त्या जोडीला वळसा घालून जात होतं, मागे शेवाळं साठलेलं. तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलाच्या मध्ये पत्र्याचा कोना येतो, म्हणून तिथे केबलचा जोडतुकडा घातलाय. पॅनेलाचा कनेक्टर एका कंपनीचा, तुकड्याचा दुसऱ्या. बसलेला वाटतो, पण हाताने पिळला तर किंचित हलतो. डीसी क्लॅम्प लावून करंट नाही याची खात्री करून सोडवला. आतून चमचाभर पाणी निघालं. पिन हिरवीगार, आणि वायर पिनेत पकडीने चेपून बसवलेली, पकडीचे दात स्पष्ट दिसत होते.

फोटो काढलाय, टाकता येत नाही इथे, साइझ मोठी म्हणतंय.

सूर्यफूल | १२ जुलै, दुपारी ४.०२

फोटोची गरज नाही, डोळ्यांसमोर आलं. आमच्या धंद्यातलं हेच खरं दुखणं आहे आणि ठेकेदारांची बाजू घेऊनही मी ते नाकारत नाही. दोन कंपन्यांचे कनेक्टर 'कंपॅटिबल' म्हणून विकले जातात, एकमेकांत बसतातही, पण आतली पिन आणि रबराची वळी यांची मापं केसभर वेगळी. पाणी शिरतं ते एक. त्याहून वाईट म्हणजे तिथे संपर्क ढिला राहतो आणि १३ अँपिअरला तापतो. तुमच्याकडे आधी पाणी शिरलं हे नशीब समजा. कोरडा राहिला असता तर लाल दिवा पेटलाच नसता, आणि एखाद्या उन्हाळ्यात थेट धूर.

पिन चेपायला त्याचंच चिमटासारखं हत्यार येतं, क्रिम्पर म्हणतात. पकडीने चेपणं म्हणजे दाताने बाटली उघडणं. आता दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचा जोड घाला. आणि केबल टायऐवजी स्टीलच्या क्लिपा मारा. साधा टाय गोव्याच्या उन्हात दोन वर्षं टिकत नाही, तुमचा तर पाच महिन्यांत गेला.

माटोळी | १२ जुलै, संध्याकाळी ५.२५

आणि बाकीचे जोड? एक असा निघाला तर त्याच हाताने केलेले अजून असतील.

कुळागर | १२ जुलै, संध्याकाळी ७.४४

ताई, तेच केलं. पॅनेलांना कंपनीतून आलेले जोड सगळे ठीक होते. जागेवर केलेले आणखी तीन निघाले: दुसऱ्या कोन्यावरचा एक आणि खाली येणाऱ्या दोन केबलींचे दोन. चारही कापून नवे बसवले, क्रिम्परने. सगळी केबल पत्र्यापासून वर उचलून क्लिपांनी बांधली. इलेक्ट्रिशियनने डीसी डबाही उघडून दाखवला. माटोळीताईंचं वाचल्यापासून मला धास्ती होती, पण एमसीबी डीसीचाच निघाला. अधिक-उणे खुणाही जुळल्या.

ठेकेदाराला फोटो पाठवला. उत्तरात अंगठा आलाय.

कुळागर | १४ जुलै, सकाळी ७.२०

काल आणि आज दोन्ही दिवस रात्रभर पाऊस. काल ६.४१ ला हिरवा, आज ६.३८. काल दिवसभरात ११ युनिटं, तीही अशा आभाळात.

काका, तो जुना कनेक्टर बरणीत घालून ठेवलाय. तुम्ही वाळपईकडे आलात तर घरी या, दाखवतो.

खांबावरचा | १४ जुलै, सकाळी ७.५८

येतो. मीटर घेऊन येतो, ती तीन मापं मला स्वतःच्या हाताने घ्यायची आहेत. आणि आलोच आहे तर तुमचं अर्थिंगही बघून घेईन, त्याबद्दल माझा संशय अजून गेलेला नाही.

म्हापशेकर | १४ जुलै, सकाळी ८.०५

इन्व्हर्टर पावणेसातला कामावर? म्हणजे कायम नव्हता, कंत्राटीच होता.